भजनाच्या ध्वनिमुद्रणासाठी हार्डवेअर कंप्रेसर घ्यावा का?

कुडाळला घरच्या खोलीत भजनी मंडळांचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी हार्डवेअर कंप्रेसर (आवाजाचे जोरदार भाग आपोआप दाबणारे यंत्र) घ्यावा की प्लगइनवर (तेच काम संगणकात करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भागवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मायक्रोफोन, प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारा) आणि कन्व्हर्टर (तो संकेत डिजिटल रूपात बदलणारा), म्हणजे आवाज संगणकात शिरेपर्यंतच्या साधनांवर पैसा खर्च करावा आणि पुढचे सारे काम सॉफ्टवेअरवर सोपवावे.

मुद्रण करतानाच आवाज दाबून घेण्याला टेपच्या काळात अर्थ होता, कारण पातळी खाली ठेवली की टेपची खरखर ऐकू येई. आज २४ बिटच्या डिजिटल मुद्रणात पखवाजाची सर्वांत जोरदार थाप कमाल पातळीच्या १० डेसिबल खाली ठेवली तरी ती अडचण येत नाही. उलट हार्डवेअरने मुद्रणातच दाबलेली थाप नंतर मोकळी करता येत नाही. नावाजलेल्या ११७६ कंप्रेसरचा अटॅक, म्हणजे जोराचा आवाज आल्यावर तो दाबायला लागणारा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंद इतका जलद असतो. गळ्याला तो शोभतो, पण पखवाजावर जोरात लावल्यास थापेची धार बोथट होते आणि मागची घुमारी वर येते. साध्या डिजिटल कंप्रेसरमध्ये अटॅक २०-३० मिलिसेकंदांवर ठेवून ती धार राखता येते, बुवांना ऐकवून बदलता येते आणि तोच प्लगइन झांज, पेटी, कोरस यांवर वेगवेगळ्या मापाने एकाच वेळी चालतो.

हार्डवेअरची बाजू खरोखर भक्कम आहे ती सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे स्वराला नवे उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले उंच स्वर) जोडणाऱ्या हलक्या विकृतीत. ४४.१ किलोहर्ट्झच्या मुद्रणात २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचे काही मावत नाही. प्लगइनने निर्माण केलेले त्याहून उंच उपस्वर उलटून खाली येतात आणि मूळ स्वराशी जुळत नाहीत; हार्डवेअरमध्ये तसे होत नाही. पेटीच्या तार सप्तकात ही बेसूर किणकिण चटकन कानावर येते. ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनने आतल्या आत अधिक सॅम्पल-दराने काम करणे) चालू केल्यास ती बरीच कमी होते, मात्र प्रोसेसरवर ताण वाढतो.

गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याची भीती असेल, तर इंटरफेसचे (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचे) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावे, म्हणजे आवाज संगणकातून फिरून न येता थेट ऐकू येतो.

आपल्याकडची खारी, दमट हवाही हिशेबात धरावी. नॉब, स्विच आणि जॅक यांचे संपर्कबिंदू गंजले की एका बाजूचा आवाज मध्येच बंद पडतो, आणि दुरुस्तीसाठी जड यंत्र बहुधा मुंबई-पुण्याला पाठवावे लागते. वाचलेल्या पैशांतून यूपीएस घ्यावा आणि कंडेन्सर मायक्रोफोन सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावेत; कॅप्सूलला (मायक्रोफोनमधल्या आवाज टिपणाऱ्या भागाला) ओल धरली, की मुद्रणात तडतड येते.