पहिला अल्बम काढतोयस? आधी एवढं बघ

अरे वा, इंदूरात बसून मराठी आणि माळवी गाणी स्वतः लिहून अल्बम काढतोयस, मस्तच! पण दहा-बारा गाण्यांचा हट्ट सोड, पाच-सहा पुरेत.

आधी प्रत्येक गाणं फोनवर नुसत्या आवाजात रेकॉर्ड कर नि आठवड्यानं ऐक, तेव्हाच कंटाळा आला तर स्टुडिओत ढोलक घालून काही व्हायचं नाही.

नवीन लोकं काय करतात, सगळा पैसा व्हिडिओवर उडवतात आणि गायन एका दुपारी उरकतात. उलटं कर ना. आणि कीबोर्डवरचा नकली तंबुरा नको रे बाबा, आपल्या माळव्यात तंबुरा-मंजिऱ्यावर कबीर गाणाऱ्या मंडळ्या गावोगाव आहेत, त्यातले वादक बोलाव, क्लिक (कानात वाजणारी तालाची टिकटिक) लावून वाजवायची सवय सगळ्यांना नसते, तेव्हा एकत्र बसवून लाइव्ह टेक घे, लय जरा वाढली तर वाढू दे.

- वादकांचे पैसे आधी ठरव, लिहून ठेव.
- कबीराचं पद घेतलंस तर क्रेडिटमध्ये तसं लिही, आणि दुसऱ्याची चाल आपली म्हणून खपवू नको.
- डिस्ट्रिब्यूटरला (गाणी ऑनलाइन ॲपांवर पोहोचवणाऱ्या कंपनीला) फाइल रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी दे.

मास्टरिंग (आवाजाची शेवटची सफाई), आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) वगैरे नंतर बघू, आत्ता त्यात डोकं घालू नकोस. डेमो झाले की ऐकव.