बाबांची पंच्याहत्तरी, हातानं केलेलं कार्ड आणि रेकॉर्डिंगच्या वेळी भरून येणारा गळा

वाचकाचं पत्र

ताई, माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. पुढच्या महिन्यात त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. छोटा हॉल घेतलाय, चाळीसेक माणसं येतील. मी त्यांच्यासाठी हातानं कार्ड करतेय आणि जुन्या फोटोंचं पॉवरपॉइंट करून त्यावर माझ्या आवाजात बोलणार आहे. पण रेकॉर्ड करायला बसले की आईच्या फोटोपाशी गळा भरून येतो. आई जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ म्हणतो, एखाद्या निवेदकाकडून आवाज घेऊ आणि मागे गाणं लावू. दुसरी भीती बाबांची. त्यांना कौतुक सहन होत नाही. पाचवीत असताना मी त्यांना कार्ड केलं होतं, ते बघून म्हणाले, "अभ्यास झाला का?" आता सगळ्यांसमोर उठून गेले तर? त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. घरी त्यांची थोडी जुनी तिकिटं आणि पितळी बिल्ला आहे, तो कार्डात वापरू का? आणि सगळं बघून ते काहीच बोलले नाहीत तर मी काय करू?
– एक मुलगी, सांगली

उत्तर

प्रिय ताई,

आधी एक गोष्ट ठरवून टाका. कार्ड एकट्या बाबांसाठी आणि निवेदन चाळीस जणांसाठी. तुम्ही दोन्हीकडे तेच सांगायला बघताय, म्हणून गळाही भरून येतोय आणि बाबा उठून जातील अशी भीतीही वाटतेय. जे फक्त तुमच्या दोघांमधलं आहे ते कार्डात लिहा आणि कार्ड आदल्या संध्याकाळी घरीच हातात द्या. हॉलमध्ये ते वाचायला लावू नका. निवेदनात मात्र फक्त घडलेलं सांगा.

कौतुक न सोसणाऱ्या माणसाला विशेषणं नकोशी होतात, तपशील नाही. "बाबांनी आमच्यासाठी खूप कष्ट केले" हे ऐकलं की ते खाली बघतील. "मुक्कामी गाडी असली की बाबा दुसऱ्या दिवशी घरी यायचे आणि जेवायच्या आधी आमच्या वह्या बघायचे" हे ऐकलं की ते मान वर करतील, कारण ते खरं आहे का हे त्यांना तपासायचं असेल. वेबिल, तिकिटांचा ट्रे, पंच, घंटीची दोरी, डेपोचं नाव, मार्गाचं नाव ही त्यांची भाषा आहे, ती निवेदनात येऊ द्या. "महान", "त्यागमूर्ती", "आधारवड" हे शब्द सरळ काढून टाका. एखादा तपशील चुकला तरी बिघडत नाही, ते तिथल्या तिथे दुरुस्त करतील आणि त्या निमित्तानं बोलतील.

आता कार्ड. बिल्ला कार्डावर चिकटवू नका. पितळ जड असतं, कार्ड त्या बाजूला वाकतं आणि गोंद काही दिवसांत सुटतो. त्याऐवजी बिल्ल्याचा ठसा घ्या. बिल्ला मऊ कापडानं नुसता पुसा, पॉलिश करू नका. टेबलावर डबल टेपच्या तुकड्यानं पक्का बसवा आणि त्यावर नेहमीच्या झेरॉक्सचा किंवा त्याहून पातळ कागद ताणून धरा. 2बी किंवा 4बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणारी पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं हलकी फिरवा. अक्षरं उठावाची असतील तर ती काळी उमटतील, कोरलेली असतील तर करड्यात पांढरी दिसतील. कागद जरा जरी सरकला तरी आकडे दुहेरी येतात, म्हणून पाच-सहा ठसे घ्या आणि त्यातला चांगला निवडा. पेन्सिलीचा ठसा बोट लागलं की फरफटतो, त्यामुळे त्याची लेझर झेरॉक्स काढून तीच मुखपृष्ठावर लावा. बाबांचा बिल्ला नंबर मुखपृष्ठावर आला की तिथे दुसरं काही लागत नाही. फुलं, रिबिनी, चमकी नकोत.

कागद 250 ते 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, जास्त आकडा म्हणजे जाड कागद), साय रंगाचा, ए4 आकाराचा घ्या. मधोमध घडी घातली की 148 बाय 210 मिलिमीटरचं कार्ड होतं. घडी घालण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेनं तो सहज वाकतो त्या दिशेला त्याचे तंतू जातात, आणि घडी तंतूंच्या बाजूनं पडली तरच ती फाटत नाही. दुकानातला ए4 कागद बहुतेक वेळा लांबीच्या दिशेनं तंतूंचा असतो आणि तुमची घडी नेमकी आडवी येते, तिथे कडा फुटते. मोठा कार्डशीट घेऊन हव्या दिशेनं ए4 कापून घ्या. दुकानदार कापून देतो, फक्त दिशा तुम्ही सांगायची. मग स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं घडीच्या रेषेवर दोन-तीनदा दाब देऊन खाच पाडा. खाचेची बाजू बाहेर आणि उंचवटा आत राहील अशी घडी घाला. उलट घातली तर जाड कागदाचा थर ताणून तडकतो. हातकागद हवा असेल तर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. तो दिसायला देखणा असतो, पण त्याच्या खडबडीत पृष्ठावर बॉलपेन अडखळतं आणि जेलची शाई पसरते. मजकूर आतल्या गुळगुळीत कागदावर लिहून तो वर लावायचा असेल तरच हातकागद वापरा.

तिकिटं मूळची लावायची असतील तर गोंदाचं नाव काढू नका. तो कागद इतका पातळ असतो की फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं तो सुरकुततो, शाई फुटते आणि ते तिकीट पुन्हा कधी सुटं होत नाही. फोटो अल्बमचे पारदर्शक कोपरे मिळतात, त्यात चारही टोकं अडकवा. लॅमिनेशनही नको, उष्णतेनं जुना कागद काळवंडू शकतो. एक-दोन तिकिटं पुरेत, बाकीची बाबांकडेच राहू द्या. मूळ फोटोही लावू नका. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोला समांतर धरून त्याची प्रत घ्या आणि लेझर प्रिंट काढा. इंकजेटची प्रिंट ओल्या गोंदानं पसरते. चिकटवायला गोंदाची कांडी वापरा, कडेपर्यंत फिरवा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. इथे घाई केलीत तर कडा उचलल्या जातात आणि मधे फुगे येतात.

आत काय लिहायचं? सत्तर-ऐंशी शब्द, स्वतःच्या हस्ताक्षरात. पंच्याहत्तरीच्या डोळ्यांना कमी तफावतीचे रंग नीट दिसत नाहीत, त्यामुळे साय रंगावर काळी शाई, निळी-जांभळी नको. फिकट पेन्सिलीनं 12 मिलिमीटर अंतरावर रेषा आखा. वर-खाली समास सोडून चौदा ओळी बसतात, ओळीत पाच-सहा शब्द. शाई पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, रेषा खोडा. आधी दुसऱ्या कागदावर पूर्ण मजकूर त्याच मापात लिहून बघा, नाहीतर शेवटच्या दोन ओळी बारीक होत जातात. पाचवीतल्या त्या कार्डाचा उल्लेख करावासा वाटला तर करा, पण तक्रार म्हणून नाही. "तुम्ही विचारलं होतं, अभ्यास झाला का. झाला, बाबा." एवढंच लिहिलंत तरी त्यांना कळेल. आईबद्दल जे सांगायचं तेही इथेच लिहा.

कार्डात क्यूआर कोड लावून निवेदनाचा व्हिडिओ जोडता येतो. नातवंडांना ते आवडेल. कोड किमान अडीच सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा हवा आणि चारही बाजूंनी कोरी जागा सोडायला हवी, नाहीतर कॅमेरा पकडत नाही. व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर ठेवून "लिंक असलेल्या कोणालाही" अशी परवानगी द्या. ही परवानगी राहून जाते आणि ऐन वेळी पडद्यावर "परवानगी मागा" असं येतं. दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघितल्याशिवाय कोड चिकटवू नका.

आता आवाज. निवेदक नको. बाबांच्या मुलीचा किंचित कापणारा आवाज हा त्या निवेदनातला दोष नाही, आणि तयार आवाजात बाबांचा डेपो ऐकताना तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटेल. गाण्याबद्दल मात्र भावाला स्पष्ट सांगा. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच स्वर जातात. स, श, ट, क, फ ही अक्षरं त्यांच्यावर चालतात. बोलण्याखाली संगीत असलं की तीच आधी बुडतात आणि बाबांना नुसता गुंजारव ऐकू येतो. गाणं हवंच असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्लाइडवर, जिथे तुम्ही बोलत नाही तिथे लावा.

बारा स्लाइड, प्रत्येकी वीस ते चाळीस सेकंद, एकूण सहा-सात मिनिटं. मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द अशी गती ठेवा, म्हणजे सगळं मिळून सहाशे-सातशे शब्द. स्लाइडवर फोटो मोठा आणि एखादी ओळ. जे लिहिलंय तेच वाचून दाखवू नका. प्रत्येक स्लाइडचा मजकूर वेगळ्या कागदावर, एका बाजूनंच छापून घ्या, म्हणजे बोलताना पान उलटण्याचा आवाज येत नाही.

खोली गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली निवडा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पंखा बंद, फोन विमान मोडवर, शेजारच्या घरचे कुकर झाल्यानंतरची वेळ. हातातल्या बांगड्या काढा. इअरफोनचा माइक वापरत असाल तर मंगळसूत्र आणि ओढणी त्याला घासणार नाही असं बघा. माइक तोंडापासून एक वीतभर आणि थोडा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला की "बाबा", "फोटो", "भाऊ" या शब्दांना श्वासाचा धप्प आवाज येतो, आणि हे शब्द तुमच्याकडे भरपूर आहेत. सगळ्या स्लाइड एकाच बैठकीत, एकाच जागी करा, नाहीतर स्लाइड बदलली की खोली बदलल्यासारखं ऐकू येतं.

पॉवरपॉइंटमध्ये "स्लाइड शो" मधलं "रेकॉर्ड" वापरा. नव्या आवृत्तीत "रेकॉर्ड" हा वेगळा टॅबच आहे. आवाज प्रत्येक स्लाइडला स्वतंत्र जोडला जातो, त्यामुळे एक बिघडली तर तेवढीच पुन्हा करता येते. सगळ्यात जास्त जण फसतात ते स्लाइड बदलताना. त्या क्षणी पॉवरपॉइंट आवाज टिपत नाही. बोलत बोलत पुढे गेलात की वाक्याचा शेवट गायब होतो. म्हणून स्लाइड आल्यावर एक सेकंद थांबा, बोला, पुन्हा एक सेकंद थांबा, मग पुढे जा. एकच स्लाइड पुन्हा करायची असेल तर "सध्याच्या स्लाइडपासून" सुरू करा आणि पुढच्या स्लाइडवर जाण्याआधी थांबवा, नाहीतर पुढचं चांगलं झालेलं रेकॉर्डिंग पुसलं जातं. कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह दिसलं की आवाज बसला. सुरुवातीला एकच स्लाइड करून ती हेडफोनवर ऐका, मगच बाकीच्या करा.

आईचा फोटो शेवटी रेकॉर्ड करा, क्रमानं आला म्हणून लगेच नाही. आदल्या तीन-चार दिवसांत तो मजकूर भावासमोर मोठ्यानं वाचा. रडू आलं तर येऊ द्या, पहिली लाट माइकसमोर यायला नको. रेकॉर्ड करताना उभ्या राहा, साधं पाणी जवळ ठेवा, गळा दाटला की थांबा आणि दोन-तीनदा सावकाश, लांब श्वास सोडा. तिथला मजकूर दोनच वाक्यांचा ठेवा: आईचं नाव, आणि तो फोटो कुठे, कधी काढला. तेही जमलं नाही तर ती स्लाइड निःशब्द ठेवा. "ट्रान्झिशन्स" मध्ये आठ सेकंदांची वेळ लावा, फोटो दिसेल आणि पुढे जाईल. चाळीस जणांना तिथे काय वाटायचं ते वाटेल, तुम्हाला ते आवाजानं पेलायची गरज नाही.

पूर्ण झालं की "फाइल", "एक्स्पोर्ट", "क्रिएट अ व्हिडिओ" असं करून रेकॉर्ड केलेल्या वेळा आणि निवेदनासह 1080पीचा व्हिडिओ काढा. हॉलमधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट मोडतो आणि आवाज सुटतो, व्हिडिओत हे दोन्ही टळतं. भावाला पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की चित्र दाबलं जातं. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. लॅपटॉप टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल लावल्यावर आवाज कधी टीव्हीतून येतो, कधी लॅपटॉपमधूनच, म्हणून कार्यक्रमाच्या तासभर आधी हॉलमध्येच लावून बघा. बाबांना पुढच्या रांगेत अशा खुर्चीत बसवा की स्पीकर त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला येईल.

आणि हा व्हिडिओ त्यांनी पहिल्यांदा हॉलमध्ये बघू नये. कार्ड दिल्यावर त्याच संध्याकाळी घरी दाखवा. एखादा फोटो नको म्हणाले तर विनातक्रार काढा, त्यासाठी पॉवरपॉइंटची मूळ फाइल जपून ठेवा. एवढं केल्यावर हॉलमध्ये ते उठून जाण्याचं कारण फारसं उरत नाही. तरीही गेले तर मागे जाऊ नका, भावाला दोन मिनिटांनी पाणी घेऊन जाऊ द्या, व्हिडिओ चालू राहू द्या.

ते काहीच बोलले नाहीत तर "आवडलं का?" विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाचवीतल्या मुलीलाही देता आलं नव्हतं. त्याऐवजी फोटोवर बोट ठेवून विचारा, ही गाडी कुठल्या डेपोची? मुक्कामाला झोपायची सोय काय असायची? या तिकिटावरचा पंच कसला? ते सांगू लागले की मधे बोलू नका, आणि त्यांची हरकत नसेल तर फोनचा रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवा. माइकबद्दल वर सांगितलंय तेच तिथेही लागू. फक्त पंखा त्यांना हवा असेल तर राहू द्या.