कोकणातून आल्फवेन लहरी पाहायच्या तर

रत्नागिरीत बसून या लहरींच्या मागे लागायचंय ना, मग आधी एवढं पक्कं कर: त्या हवेच्या नाहीत, रेडिओच्याही नाहीत. वरचा प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन असा विद्युतभारित वायू, पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना चिकटलेला असतो. रेषा ताणलेल्या तारेसारखी थरथरते, प्लाझ्मा तिला जड करतो. चुंबकीय क्षेत्र जोरदार तर लहरीचा वेग जास्त, घनता वाढली की कमी. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्फवेन यांनी १९४२ साली हे मांडलं. नोबेल मिळायला १९७० उजाडलं.

खरी गंमत शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर. तिथे आयन तटस्थ रेणूंवर आपटतात आणि बलरेषेशी त्यांची गाठ सुटते. लहरीचा काही भाग परत फिरतो, काही उष्णतेत जिरतो. खाली पोचतं ते मुख्यतः तिथल्या हॉल प्रवाहाचं (विद्युतक्षेत्राला काटकोनात वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहाचं) चुंबकीय क्षेत्र, ९० अंशांनी वळलेलं. म्हणजे वरची पूर्व-पश्चिम थरथर जमिनीवर उत्तर-दक्षिण घटकात शोधायची. ध्रुवांकडे हा नियम स्वच्छ चालतो. आपल्याकडे बलरेषा बऱ्याच आडव्या, शिवाय दाबलहरी मिसळतात. डोळे झाकून लावू नकोस.

मोजमापाला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींपासून सुरुवात कर, १९०४ पासूनची परंपरा आहे. पण मिनिटाला एक आकडा असलेली फाइल घेऊ नकोस! या लहरींची १० ते ४५ सेकंदांची स्पंदनं त्यात दिसणारच नाहीत. सेकंदाची नोंद हवी. आणि स्वतःचा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) लावलास तर विहिरीच्या पंपापासून, गाडी लावायच्या जागेपासून लांब, वाडीच्या टोकाला पुर. ४० हजारांवर नॅनोटेस्लाच्या (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात तू जेमतेम एखादा नॅनोटेस्ला शोधतोयस, शेजाऱ्याची स्कूटर त्याहून भारी पडते.