पाण्यावरची भाजी : पहिला संच आणि दिवे

प्रश्न : पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमची सदनिका असून तिची एकमेव गॅलरी उत्तरेला आहे. समोरच्या इमारतीमुळे तिथे ऊन फारसे येत नाही. मातीविना पालक आणि लेट्यूस घेण्याची इच्छा आहे. एका विक्रेत्याने ३६ छिद्रांचा पाइपांचा संच आणि ‘१००० वॉट’चा जांभळा दिवा सुचवला आहे. हे घ्यावे का? घरात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) खत शिल्लक आहे, ते चालेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाइपांचा संच आणि जांभळा दिवा, दोन्ही तूर्त घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पाइपांमध्ये मुळांखालून पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवावा लागतो. वीज गेली किंवा पंपात कचरा अडकला, तर उन्हाळ्यात काही तासांतच रोपे माना टाकतात. त्याऐवजी अमेरिकेतील हवाई बेटांवरच्या विद्यापीठात बी. ए. क्रॅटकी यांनी विकसित केलेली, पंपाशिवाय चालणारी पद्धत निवडावी.

घट्ट झाकणाचा, अपारदर्शक असा २० लिटरचा डबा घेऊन झाकणाला 2 इंची जाळीच्या कुंड्या बसतील अशी ४-५ छिद्रे पाडावीत. लेट्यूसच्या एका रोपाला पूर्ण वाढीसाठी साधारण ४ लिटर द्रावण, म्हणजे खत विरघळवलेले पाणी, पुरते. सुरुवातीला द्रावण कुंडीच्या तळाला जेमतेम टेकलेले असावे. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत मुळे हवेतून प्राणवायू घेऊ लागतात. त्या वेळी झाकण उचलून पाहिल्यास वरची मुळे पांढरी आणि लव असल्यासारखी दिसतात, खालची लांब व गुळगुळीत असतात. पातळी उतरली म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरला, तर ही वरची मुळे गुदमरतात आणि रोप कोमेजते; अनेक नवशिक्यांची रोपे नेमकी याच कारणाने जातात. पाणी घालावेच लागले तर थोडेच घालून हवेची जागा राखावी. डब्यात उजेड शिरल्यास शेवाळ धरते, आणि कुंडीभोवती फट राहिल्यास साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, म्हणून प्रत्येक फट बंद करणे आवश्यक आहे.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये करावी. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि कोमट पाण्यात मूळकूज बळावते. आपली गॅलरी सावलीची असल्याने पाणी थंड राहील, ही जमेची बाजू आहे. उन्हाळ्यात मात्र लेट्यूसचा हट्ट न धरता लाल माठ किंवा पुदिना लावावा.

आता दिव्याविषयी. जाहिरातीतला ‘१००० वॉट’ हा आकडा बहुतेक वेळा दिवा प्रत्यक्षात ओढत असलेल्या विजेचा नसतो, त्यामुळे वेष्टनावर प्रत्यक्ष वीजवापर किती लिहिला आहे, ते पाहावे. हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश अधिक शोषते हे खरे. परंतु पांढऱ्या प्रकाशातही हे दोन्ही रंग असतात, शिवाय त्यातला हिरवा भाग पानांच्या आतल्या थरांपर्यंत पोचून उपयोगी पडतो. जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले आहे की त्यावर मावा आला आहे, हे डोळ्यांना कळतच नाही. आमच्या दृष्टीने नवख्यासाठी हीच सर्वांत मोठी अडचण आहे. ४ फूट लांब आणि १ फूट रुंद फळीवर २० वॉटच्या, सुमारे २००० ल्युमेनच्या ४ पांढऱ्या एलईडी ट्यूब पानांपासून वीतभर उंचीवर लावल्या, तर पालेभाजीला पुरेसा प्रकाश मिळतो. मोबाइलमधील लक्समापक (पृष्ठभागावर पडणारा उजेड ‘लक्स’मध्ये मोजणारे अॅप) पानाच्या उंचीवर धरावा. पांढऱ्या एलईडीखाली १४,००० लक्सच्या आसपास आकडा आला तर ठीक. आपल्याला भरपूर उजेडाचा वाटणारा दिवाणखाना रात्री दोन-तीनशे लक्सचाच असतो, यावरून फरक लक्षात यावा. टायमर लावून दिवे रोज १४ तास चालवल्यास महिन्याला सुमारे ३४ युनिट वीज लागेल. रोपे वाढतील तशा ट्यूब वर सरकवता याव्यात म्हणून त्या साखळीला टांगाव्यात.

१९:१९:१९ मात्र वापरू नये. त्यातील बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि त्याचे रूपांतर करणारे मातीतले जिवाणू या डब्यात पुरेसे नसतात. त्यात कॅल्शियमही नसल्याने लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. हायड्रोपोनिक्ससाठीचे, म्हणजे मातीविना लागवडीसाठीचे, ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन भागांतले खत आणावे. हे भाग मूळ स्वरूपात एकत्र करू नयेत, कारण कॅल्शियमचा सल्फेट आणि फॉस्फेटशी संयोग होऊन पांढरा साका तळाशी बसतो आणि ती अन्नद्रव्ये रोपांना मिळत नाहीत. पाण्यात आधी ‘ए’ मिसळून चांगले ढवळावे, मग ‘बी’ घालावे, आणि शेवटी सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) ५.५ ते ६.५ दरम्यान आहे ना, हे तपासावे. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) खत घालण्यापूर्वीच मोजावा. तो फार जास्त असल्यास निम्मे आरओचे पाणी मिसळावे.