मे महिन्यातली ती वही काढ

प्रश्न : सर, मी इचलकरंजीचा. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात इंटर्नशिपच्या मुलाखती आहेत. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की माझी बोबडीच वळते. पाठ केलेला परिचय सोबत पाठवतोय. आवडीनिवडींत काय सांगू? (ता. क. सुट्टीत वडिलांच्या आठ यंत्रमागांवर असतो. मे महिन्यात कोणता माग कधी, का थांबला हे वहीत लिहिलं होतं. तीन नंबरचा पिकर (आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देणारा भाग) सारखा झिजायचा, तो धोट्याची पेटी वाकडी बसल्यामुळे, असं निघालं. पण तो काही प्रोजेक्ट नाही.)

उत्तर : तुझा परिचय वाचला. दहावी-बारावीचे टक्के, छंद वाचन आणि संगीत, गुण मेहनती, दोष 'मला सगळं अचूकच लागतं'. वर्गातल्या कुणाच्याही नावावर खपेल! टक्के बायोडेटात आहेतच, आणि त्या गोड दोषाने मुलाखत घेणाऱ्यांचे कान किटलेत.

सांगण्यासारखं सगळं तू ताज्या कलमात टाकलंस. बिघाड झाला की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारतात. तू महिनाभर नोंदी ठेवल्यास आणि पिकर बदलत बसण्याऐवजी तो का झिजतो हे शोधलंस. कारखान्यात मेंटेनन्स विभाग हेच करतो. तेव्हा नाव-गाव एका वाक्यात उरक आणि थेट मागावर ये: आठ माग, महिन्याच्या नोंदी, तीन नंबरची पेटी, ती सरळ केल्यावर काय फरक पडला. आकडे वहीतलेच सांग, फुगवू नकोस. मग एवढंच म्हण, 'म्हणून मला मेंटेनन्समध्ये शिकायचंय.' मिनिटभरात बसतं. आवड वेगळी सांगायची गरजच उरत नाही.

आधी मराठीत लिही, मग इंग्रजी कर, छोट्या वाक्यांत. पाठ मात्र करू नकोस. एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं.

यावर उलटे प्रश्न येतील आणि ते आलेले चांगलेच. 'बिनधोट्याचे रेपियर माग का घेत नाही?' असं कुणी विचारेलच. धोट्यातली सुताची कांडी संपली की तुमच्या साध्या मागाला थांबावं लागतं, रेपियर बाहेरच्या सुताच्या मोठ्या कोनावरून बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढतो, हे तुला ठाऊक आहे. किमतीचं आणि कर्जाचं गणित वडिलांना विचारून जा. घरचे माग आहेत हे सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नकोस. विठ्ठलराव दातारांनी तुमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. तेव्हापासून गावाने यंत्रं हाताळूनच पोट भरलंय.

एम-थ्रीची केटी, म्हणजे गणिताचा तुझा राहिलेला पेपर, आपणहून काढू नकोस. विचारलंच तर 'राहिला होता, पुढच्या वेळी सुटला' म्हण आणि गप्प बस.

वही सोबत ने. पानांना तेलाचे डाग आहेत म्हणून नव्या वहीत उतरवून काढत बसू नकोस.