वाचकांचे प्रश्न : चालू डिस्कवर नवी फीचर्स

प्रश्न : माझ्याकडे ५०० जीबीची जुनी ईएक्सटी३ (लिनक्सची जुनी फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) डिस्क आहे. फॉरमॅट न करता तिच्यावर तिच्या पुढच्या आवृत्तीच्या, ईएक्सटी४ च्या, सोयी मिळतील का?

उत्तर : मिळतील, फक्त क्रम चुकवू नका. बॅकअप घ्या, डिस्क अनमाउंट करा (सिस्टीमपासून सोडवा), 'ई२एफएससीके -एफ' या तपासणी-आज्ञेने तपासा. मग 'डंपई२एफएस -एच' चालवून आयनोडचा (प्रत्येक फाइलच्या माहितीच्या नोंदीचा) आकार पाहा. तो १२८ बाइट असेल तर आधी २५६ करा. १२८ बाइटच्या आयनोडमध्ये वेळेसाठी ३२ बिटच असतात आणि ते १९ जानेवारी २०३८ ला संपतात. २५६ मध्ये दोन जादा बिट मिळून हिशेब २४४६ पर्यंत पुरतो. आकार वाढवण्याचं काम फाइलसिस्टीमच्या सेटिंग बदलणाऱ्या 'ट्यून२एफएस'चा कॅपिटल आय पर्याय करतो. फ्लेक्स_बीजी हे ईएक्सटी४ चं फीचर चालू असेल तर तो सरळ नकार देतो, म्हणून ते फीचर याआधी लावू नका. आयनोड टेबल दुप्पट होतं आणि वाटेतले ब्लॉक हलवावे लागतात. मोकळी जागा हवीच. मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहील, तेव्हा यूपीएस लावा आणि 'झेड' पर्यायाने अनडू फाइल (बदल मागे घेण्यासाठीची नोंद) दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

त्यानंतर 'ट्यून२एफएस'च्याच कॅपिटल ओ पर्यायाला एक्स्टेंट्स (फाइलचे ब्लॉक सुटे न नोंदवता सलग पट्ट्यांनी नोंदवणारं फीचर), अनइनिट_बीजी आणि डिर_इंडेक्स ही नावं स्वल्पविरामाने जोडून द्या आणि लगेच 'ई२एफएससीके -एफडी' (डी कॅपिटल) चालवा. ब्लॉक-ग्रुपांचे (डिस्कच्या विभागांचे) चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, चुकीचे आहेत, अशी तक्रार येईल. ती यायलाच हवी, कारण ते चेकसम आजवर कुणी लिहिलेलेच नव्हते; 'वाय' दाबा. वेगळी तक्रार आली तर मात्र थांबा. शेवटी एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कशी माउंट करायची, त्या यादीत) ईएक्सटी३ चं ईएक्सटी४ करा.

जुन्या फायली आपोआप बदलत नाहीत. फायलींचे गुणधर्म दाखवणाऱ्या 'एलएसअ‍ॅटर'मध्ये ज्या फाइलपुढे ई अक्षर नाही, ती अजून जुन्याच ब्लॉक-नकाशावर आहे. मोठ्या फायली बदलायला त्यांना 'सीएचअ‍ॅटर +ई' द्या, बाकीच्या राहू देत. आणि एक्स्टेंट्स एकदा लावलं की 'ट्यून२एफएस' ते काढू देत नाही. ईएक्सटी३ कडे परतीची वाट बंद.

प्रश्न : नव्या ई२एफएसप्रॉग्सने (वरच्या आज्ञा ज्यात येतात तो साधनसंच) बूट पार्टिशन फॉरमॅट केलं. लिनक्स ते माउंट करतं, पण जुना ग्रब (संगणक सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्रॅम) 'अननोन फाइलसिस्टीम' म्हणतो. डिस्क बिघडली का?

उत्तर : डिस्क धडधाकट आहे. पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर सुपरब्लॉक (फाइलसिस्टीमची मुख्य नोंद) असतो आणि त्यात फीचर्सच्या तीन याद्या असतात. 'कॉम्पॅट' यादीतलं फीचर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) अनोळखी असलं तरी माउंट होतं. 'आरओ-कॉम्पॅट'मधलं असेल तर फक्त वाचता येतं. 'इनकॉम्पॅट'मधलं असेल तर माउंटच होत नाही. ही वाटणी फार शहाणपणाची आहे: जे समजत नाही त्यावर लिहून डेटाची नासाडी होत नाही.

२०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्स १.४७.० पासून मेटाडेटा_सीसम_सीड हे फीचर आपोआप चालू असतं. ते इनकॉम्पॅट आहे, आणि जुन्या ग्रबला ते ठाऊक नाही. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, पार्टिशन अनमाउंट ठेवा, 'ट्यून२एफएस'च्या कॅपिटल ओ पर्यायात त्या नावाआधी ^ लावून ते बंद करा आणि 'ई२एफएससीके -एफ'ने तपासा. लाइव्ह यूएसबीवरही १.४७ हवं. त्याच आवृत्तीपासून ऑर्फन_फाइल हे फीचरही आपोआप चालू असतं. ते कॉम्पॅट असल्याने ग्रबला अडत नाही. पण जुनं 'ई२एफएससीके' कर्नलपेक्षा कडक आहे, अनोळखी कॉम्पॅट फीचर दिसलं तरी ते तपासणी नाकारतं. ड्रॉवरमधली जुनी रेस्क्यू यूएसबी त्यासाठी आजच बदलून ठेवा.