दोन वर्षांच्या मुलीसाठी चित्रांची पुस्तकं कशी निवडायची? शब्द नसलेली पुस्तकं घेण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "पानावर धड एक ओळ नाही, अशा पुस्तकाला पैसे कशाला घालायचे?" हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय. ते अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

अर्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. शब्द नसलेलं चांगलं पुस्तक हे शब्दांनी भरलेल्या सुमार पुस्तकापेक्षा कधीही सरस. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझी लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. एका मैत्रिणीने तिला एक पुस्तक दिलं होतं. मुखपृष्ठावरचं नाव सोडलं तर आत एक अक्षर नाही. गोष्ट एवढीच: एक आजी आणि नातू, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दुपारी वारा सुटतो, कपडे उडतात, दोघं धावत धावत ते गोळा करतात, संध्याकाळी घरात बसून घड्या घालतात. संपलं. पहिल्या पानावर दोरीच्या डाव्या टोकाला लाल मोज्यांची जोडी आहे. शेवटच्या पानावर कपड्यांचा ढीग आहे आणि त्यावर लाल मोजा एकच.

हे मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं. पहिल्यांदा ती शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "एक नाही." मला वाटलं काहीतरी बडबडतेय. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उलटं चाळत पहिलं पान काढलं, दोन मोज्यांवर दोन बोटं ठेवली, मग शेवटचं पान काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "मोजा नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, असेल गं कुठेतरी. मला खरंच तसंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात दादा आला होता. भाचीने मामासमोर पुस्तक नेऊन ठेवलं आणि तक्रार केली. दादाने दोन्ही पानं बघितली, दाढी खाजवली आणि म्हणाला, "चित्रकार काढायला विसरला असेल, बाळा. चूक आहे ही." तिने त्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं आणि आत निघून गेली. मग दादा माझ्याकडे वळला आणि ते वाक्य म्हणाला. वर आणखी एक, "नुसती चित्रं बघत बसली तर ही वाचायला कधी शिकणार?"

पुढच्या आठवड्यात एके सकाळी ती जमिनीवर पालथी पडून तेच पुस्तक बघत होती. मधलं पान नीट उघडं राहत नव्हतं म्हणून दोन्ही तळहात खाचेच्या दोन्ही बाजूंना टेकवून तिने सगळा भार त्यावर दिला होता. आणि ओरडली, "भूभू!" मी वाकून बघितलं. वाऱ्याचं ते मोठं जोडपान. डाव्या पानाच्या अगदी कडेला कुत्र्याचा मागचा भाग होता, तो मी रोज बघत होते. कुत्र्याचं तोंड मात्र दोन पानांच्या मधल्या खाचेत गडप झालेलं. पुस्तक एवढं दाबून उघडल्यावरच ते दिसत होतं, आणि त्याच्या दातांत नखाच्या टोकाएवढा लाल ठिपका होता.

मोजा.

मी ते पुस्तक निदान चाळीस वेळा तरी तिच्यासोबत बघितलं असेल. मग आम्ही दोघींनी सगळी पानं पुन्हा काढली. पहिल्या पानावर पायरीच्या मागे कुत्र्याचे दोन डोळे होते, दोरीकडे लागलेले. आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, जिथे गोष्ट संपलेली असते, तिथे तोच कुत्रा अंगाची मुटकुळी करून झोपलाय आणि त्याच्या हनुवटीखाली लाल काहीतरी आहे. ते चित्र मी निव्वळ सजावट समजत होते. तिने त्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "थंडी वाजली." म्हणजे मोजा का नेला याचं कारणही तिने लावून टाकलं.

दादाला मी मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण यातून ती शिकली काय?"

यावर मी त्या दिवशी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. हा वाद खरं तर त्याहून जुना आहे. मी दुसरीत गेले तेव्हा दादाने माझा पुस्तकांचा कप्पा आवरला आणि चित्रांची सगळी पुस्तकं बाजूला काढून कुणाला तरी देऊन टाकली. आता मोठी झालीस, अक्षरांची वाच. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, त्यामुळे त्याचं म्हणणं अंतिम. त्यात एका होडीचं पुस्तक होतं. त्या होडीच्या शिडाला ठिगळ कुठे होतं हे मला आजही सांगता येतं, आणि त्या वर्षी वाचलेल्या अक्षरांच्या पुस्तकांतलं एकही नाव आठवत नाही.

तर ती काय शिकली? सुरुवातीची आणि शेवटची अवस्था ताडून बघणं, काहीतरी कमी आहे हे ओळखणं, मोठी माणसं "चूक आहे" म्हणाली तरी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं, पुरावा सापडेपर्यंत शोधत राहणं आणि शेवटी दुसऱ्याच्या कृतीमागचं कारण ओळखणं. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? अक्षरओळख पुढे वर्षभरात होऊन गेली, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

त्या वादापायी मी नंतर बरंच वाचून काढलं. दादाची बाजू आजची नाही. 1658 साली कोमेनियस या युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी चित्रांचं जे प्रसिद्ध पुस्तक छापलं त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे होते आणि शेजारी त्या त्या आकड्याचे शब्द होते. चित्र म्हणजे शब्द शिकवण्याचं साधन, ही समजूत इतकी जुनी. पण मूल पुस्तक तसं बघत नाही. 2005 साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी, मोठं माणूस वाचून दाखवत असताना मुलांची नजर पानावर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांकडे क्वचितच. म्हणजे आपण वाचतो ते मजकुराचं पुस्तक आणि मूल वाचतं ते चित्रांचं. चांगल्या पुस्तकात ही दोन्ही एकमेकांशी बोलत असतात.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचं 1968 सालचं 'रोझीज वॉक'. सबंध पुस्तकात 32 शब्द. कोंबडी फिरायला जाते, इथून जाते, तिथून जाते, घरी येते, एवढंच ते शब्द सांगतात. चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. मजकुरात कोल्ह्याचा उल्लेख एकदाही नाही. वाचणाऱ्या मोठ्या माणसाला जे माहीत नाही असं वाटतं ते ऐकणाऱ्या मुलाला माहीत असतं. मूल अक्षरशः किंचाळतं, "अगं, मागे बघ!" दादाच्या हिशेबाने हे पुस्तक 32 शब्दांचं, म्हणजे जवळपास कोरं.

आता निवडायचं कसं. मजकूर आधी वाचू नका. एकही शब्द न वाचता पानं उलटा आणि गोष्ट कळते का बघा. मग मजकूर वाचा. चित्रात दिसतंय तेच जर ओळीत पुन्हा सांगितलं असेल (लाल चेंडू काढलाय आणि खाली "हा लाल चेंडू") तर ते पुस्तक आठवडाभरात शिळं होतं. अगदी तान्ह्या वयात, चित्रातली वस्तू हाताने उचलायचा प्रयत्न करतात तेव्हा, तशी पुस्तकं ठीक. दोन वर्षांच्या मुलीला जास्त लागतं.

पुस्तक पूर्ण सपाट उघडून बघाच. मोठी चित्रं दोन पानांवर पसरलेली असतात आणि बांधणी घट्ट असली, पाठ नुसती गोंदाने चिकटवलेली असली, की मधली खाच चित्र गिळते. चेहरा, हात, महत्त्वाची वस्तू खाचेत गेलेली असेल तर तो मांडणी करणाऱ्याचा निष्काळजीपणा. आमच्या पुस्तकात तो निष्काळजीपणा होता की मुद्दाम लपवलेलं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही, पण एरवी ही गोष्ट मी माफ करत नाही. शिवलेली बांधणी असेल तर पुस्तक चांगलं उघडतं आणि टिकतंही. पुठ्ठ्याची जाड पानं फाडाफाडीच्या वयापर्यंत घ्या, पण कायम त्यातच अडकू नका. बहुतेक चित्रपुस्तकं 32 पानांची असतात, कारण 16 पानी दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं) छपाईला सोयीचे पडतात. तेवढ्या जागेत गोष्ट उभी करायला चित्रकाराला खरी अक्कल लागते. पुठ्ठ्याच्या पुस्तकात त्याच गोष्टीची काटछाट करून पानं कमी केलेली असतात आणि बहुतेक वेळा नेमकं तेच पान गेलेलं असतं जिथे काही घडत नाही, नुसता वारा थांबलेला असतो. मुलं त्या पानावर सर्वांत जास्त वेळ थांबतात.

झाकणं उघडणारी, ओढायच्या पट्ट्यांची, आतून चित्र उभं राहणारी पुस्तकं मला आवडत नाहीत. त्यांत मुलाचं लक्ष पट्टीवर राहतं. 2010 साली यावर एक अभ्यास झाला होता. उभ्या राहणाऱ्या चित्रांच्या पुस्तकातून लहान मुलं प्राण्यांची नवीन नावं साध्या पुस्तकाच्या तुलनेत कमी शिकली. खेळणं म्हणून आणायचं तर आणा.

शिकवण देणारी पुस्तकं घेऊ नका. "वाटून घ्यावं", "खोटं बोलू नये", "आईचं ऐकावं" असं शेवटच्या पानावर लिहिलेलं असलं की मुलाला पहिल्या पानावरच वास येतो. ती शिकवण त्या पुस्तकाच्या वयाची नसते, विकत घेणाऱ्याच्या वयाची असते.

आणि घरच्यांसाठी एक मुद्दा खास. एकच पुस्तक परत परत मागते म्हणून नवं आणण्याची घाई करू नका. ससेक्स विद्यापीठातल्या 2011 सालच्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले, फक्त काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द जास्त शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी मुलं. मोजा चाळिसाव्या वेळी सापडला तो असाच.

एक कबुली द्यायला हवी. शब्द नसलेलं पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण फोनकडे बघत बसलो तर त्याचा फारसा उपयोग नाही. बोलावं लागतं, आणि त्याहून जास्त विचारावं लागतं. 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना एवढंच शिकवलं की वाचताना "हे काय आहे" यापेक्षा "इथे काय चाललंय" असं विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून परत म्हणा. एका महिन्यात ती मुलं बोलण्याच्या चाचण्यांत इतर मुलांच्या काही महिने पुढे गेली. आम्ही मोज्याच्या बाबतीत उलट केलं. मी "असेल कुठेतरी" म्हटलं, दादाने "चूक आहे" म्हटलं. "कुठे गेला असेल?" एवढं कुणीच विचारलं नाही.

आणि मजकुराची पुस्तकं घेऊच नका असं माझं म्हणणं नाही, कृपया तसा अर्थ काढू नका. 2015 साली 100 चित्रपुस्तकांचा मजकूर आणि पालकांचं मुलांशी होणारं रोजचं बोलणं ताडून बघितलं तेव्हा पुस्तकांत शब्दांचं वैविध्य कितीतरी जास्त निघालं. आपण दिवसभर मुलांशी "चल, घाल, ये, नको" एवढंच बोलतो. त्यामुळे चांगल्या, मोठ्याने वाचताना जिभेला गोड लागणाऱ्या ओळींचं पुस्तक हवंच. पानावर किती ओळी, हे मात्र मी सांगणार नाही. तुमची मुलगी पान उलटायला हात पुढे करते तेव्हा तुमचं वाचून झालेलं असेल तर ओळी बरोबर आहेत. काही मुलांना शब्द नसलेलं पुस्तक मुळीच आवडत नाही, मैत्रिणीच्या मुलाने ते दोनदा फेकून दिलं. सक्ती करू नका.

दादाने आजवर काही कबूल केलेलं नाही. तुमच्या घरी जे कुणी हे बोलतंय त्यांच्याशी वाद घालू नका, माझा एवढा काळ त्यात गेला. मुलीला त्यांच्या मांडीवर बसवा, पुस्तक त्यांच्या हातात द्या आणि आठवडाभर रोज त्यांनाच ते दाखवू द्या. त्यांना म्हणावं, ती बोट ठेवेल तिथे बघा.

पुस्तक फाटणार हे गृहीत धरा. आमचं बरोबर त्या खाचेतच फाटलं आणि मी घाईघाईत पारदर्शक चिकटपट्टी लावली. ती पिवळी पडली आणि आता काढायला गेलं तर रंगासकट निघते. खाचेत चिकटपट्टी लावू नका. पातळ कागदाची अरुंद पट्टी पांढऱ्या गोंदाने लावा, आणि लावण्याआधी तिथे काय काढलंय ते बघून घ्या. आमचा कुत्रा त्या पिवळ्या पट्टीखाली आहे.